अनसूयाकाकूंची शिल्लक

महिन्याच्या शेवटच्या तारखेला विठ्ठलरावांच्या घरी जेवायला जाऊ नये. पाच वर्षांपूर्वी मी हिंजवडीजवळच्या नेऱ्यात त्यांची खोली भाड्याने घेतली, तेव्हा हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही आणि मी गेले. गरम भात, आमटी, वर आग्रहाने वाढलेले पापड. हात धुऊन बसते न बसते तोच विठ्ठलरावांच्या पत्नी अनसूयाकाकूंनी फडताळातून एक लांबट वही काढली, चष्मा लावला, घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं आणि महिन्याचा खर्च खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. दळण एकशे साठ. केरसुणी नव्वद. वेदांतचा खोडरबर, या महिन्यातला तिसरा, पाच रुपये. आणि सगळ्यात शेवटी, शाईसुद्धा वाळली नव्हती अशी नोंद: ‘पापड, चार, वरच्या मॅडमला, सोळा रुपये.’

मला पापड घशात आल्यासारखं झालं. पण कुणी हसलं नाही की कुणाला संकोच वाटला नाही. घरच्यांना सवय होती. मुलगा पियूष जांभई देत होता, सून किमया मटार सोलत होती आणि नातू वेदांत खोडरबर लपवत होता.

ती वरची मॅडम म्हणजे मी, जुईली. गाव परभणी, नोकरी हिंजवडीत एका कंपनीत. दोन हजार माणसांचे पगार काढायचं माझं काम. कुणाचा किती कापायचा, कुणाचा का कापायचा, यात माझा दिवस जातो. त्यामुळे मला हिशोबातलं सगळं कळतं, असा माझा समज होता. तो समज कसा खोटा ठरला, तेच सांगायचं आहे.

विठ्ठलरावांचं घर म्हणजे खाली त्यांचा संसार आणि वर दोन मजले भाड्याच्या खोल्या. चौदा. प्रत्येकीचं भाडं सात हजार. शिवाय दोन एकर जमीन बिल्डरला गेली, तिचे पैसे बँकेत आणि त्याचं व्याज वेगळं. एकेकाळी हेच विठ्ठलराव सायकलवरून हिंजवडीला दूध घालत. तेव्हा ते पहिल्या तारखेला डेअरीचे चारशे रुपये बायकोच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘एवढ्यात भागव.’ चारशेचे वाढत वाढत पंचवीस हजार झाले, पण रीत मोडली नाही. पहिल्या तारखेला पैसे मोजून हातात आणि शेवटच्या तारखेला सगळ्यांसमोर वाचन. काकूंचा हिशोब गावात प्रसिद्ध होता. जमा पंचवीस हजार, खर्च पंचवीस हजार, शिल्लक शून्य. दर महिन्याला, रुपयासकट. भिशीतल्या बायका आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मीसुद्धा फोनवर आईला कौतुकाने सांगितलं होतं. पगार काढणारी बाई मी, आणि मला त्यात काही खटकलं नाही, याची लाज अजून जात नाही.

काकू साठीच्या, शिडशिडीत, सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर मात्र तलाठ्याने मागून न्यावं असं. कमी बोलायच्या. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं विठ्ठलरावांनी उचललेलं होतं.

विठ्ठलराव माणूस दिलदार. पण त्यांनी कुणाला काही दिलं, की ते गावाला कळल्याशिवाय राहायचं नाही. मला डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, दोन दिवस किमयाला माझ्याजवळ बसवलं. उपकार मोठेच. पण त्यानंतर पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांशी माझी ओळख त्यांनी एकाच वाक्यात करून दिली, ‘ह्या मॅडम. ह्यांला डेंगू झाला तवा मीच न्हेलं.’ माझी आई परभणीहून आली, तेव्हा तिलाही माझी अशीच ओळख करून दिली. आई म्हणाली, ‘हो, मी ओळखते हिला.’

तर या मागच्या जूनची तीस तारीख. किमयाचे वडील, म्हणजे विठ्ठलरावांचे व्याही, साताऱ्याहून आले होते. पंगत थाटाची झाली. मीही होते, कारण पापडाचे पैसे लिहिले गेले तरी काकूंच्या हातची चव सोडवत नाही. जेवणं झाली, व्याही तक्क्याला टेकले आणि काकू उठल्या. विठ्ठलरावांनी डोळ्यांनी खुणावलं, खाकरले, शेवटी ‘आज ऱ्हाऊ दे’ असं पुटपुटलेसुद्धा. तीस तारीख म्हणजे तीस तारीख. वही निघाली.

‘श्रीखंड अर्धा किलो, व्याह्यांसाठी, एकशे साठ,’ काकूंनी वाचलं. ‘पंख्याची दुरुस्ती, व्याही येणार म्हणून, दीडशे. विकतचं पाणी, बाटल्या दोन, व्याही आपलं पीत न्हाईत, चाळीस.’

व्याह्यांच्या हातात त्याच क्षणी दुसरी बाटली होती. ती त्यांनी न उघडता हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, ‘फारच चोख काम आहे हो विहीणबाईंचं.’ किमयाने पदर तोंडाला लावला. विठ्ठलरावांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. ही दयाच मला महागात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढत होते, तर ते फाटकात उभे.

‘मॅडम, तुमी हिशोबातल्या. खरं सांगा. चौदा खोल्यांचं भाडं येतंय, व्याज येतंय. आमच्यासारख्यानं घरखर्चाचा हिशोब ठेवायचा का न्हाई?’

मला उशीर झाला होता. पण कुणी हिशोबाचा सल्ला विचारला, की मला चेव येतो. मी तिथल्या तिथे तोंडी गणित केलं आणि सांगून टाकलं, ‘काका, उत्पन्नाच्या पाव हिश्शाएवढासुद्धा तुमचा घरखर्च नाही. हिशोब ठेवायचा तो पुरत नाही तेव्हा. तुमच्या घराला बजेटची गरजच नाही.’

दुपारपर्यंत हे वाक्य साऱ्या नेऱ्यात पोचलं होतं, ‘कंपनीतल्या मॅडमनी सांगितलंय’ या शिक्क्यासह. संध्याकाळी घरात फर्मान निघालं. वही बंद. ती विठ्ठलरावांनी सातबाऱ्याच्या कागदांसोबत कपाटात घातली. पियूषने आईच्या फोनवर पैसे द्यायची सोय करून दिली, खातं वडिलांचं. ‘अनसूये, आता लागंल तेवढं घे,’ विठ्ठलराव म्हणाले. ‘इचारायचं बी न्हाई. लई काटकसर केलीस, आता मोकळ्या हातानं खर्च कर.’ हे ते मनापासून बोलले, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

अडचण इतकीच होती, की खातं त्यांचं, त्यामुळे काकूंनी खर्च केला की बँकेचा मेसेज त्यांच्या फोनवर यायचा. विठ्ठलराव दिवसभर चौकात बसायचे. तिथे एक सिमेंटचं बाक आहे, पाठीवर बिल्डरचं नाव आणि खाली ‘यांच्या सौजन्याने’. गावातले जमीन विकून मोकळे झालेले पाचसहा जण त्यावर असतात. फोन वाजला की विठ्ठलराव तो हातभर लांब धरायचे आणि वाचायचे, ‘आलं! मंडळींनी चारशे बारा खर्च केले. किराणा. करू द्या! आपल्याकडं आता बंधन न्हाई.’

मग दळणाला गेलं तरी काकूंना बायका विचारायला लागल्या, ‘काय अनसूयाबाई, काल चारशे बारा?’

आणि माझं काय झालं? रोज संध्याकाळी जिन्यावरून एक वाटी वर यायची. कधी भरली वांगी, कधी ठेचा, कधी नुसता ताकाचा गडू. ती बंद झाली. पहिले दोन दिवस मला वाटलं, काकूंना बरं नसेल. तिसऱ्या दिवशी मी खाली डोकावले, तर काकू ठणठणीत आणि वाटी बाराव्या खोलीतल्या मुलींकडे चाललेली. पंधरा दिवस मी स्वतःच्या हातचं खाल्लं. शेवटी जुलैच्या मधल्या एका रविवारी नाक मुठीत धरून खाली गेले.

काकू एकट्याच होत्या. फडताळातल्या जुन्या वह्या काढून सुतळीने गठ्ठे बांधत होत्या. रद्दीला.

‘काकू, रागावलात का माझ्यावर?’

‘मी कशाला रागावू? श्रीमंत बाई हाय मी. तूच सांगितलंस ना.’

मी हाताला लागेल ती वही उघडली. शिल्लक शून्य. दुसरी उघडली. शून्य. आमच्या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते. खऱ्या माणसाच्या हिशोबात पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतातच. जिथे दर महिन्याला रुपयासकट जुळतं, तिथे खुर्ची ओढून बसावं. पाच वर्षं मी ऐकत होते आणि आज पहिल्यांदा खाली बसून वाचत होते. बोट फिरवत गेले, तसं एक नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. कोथिंबीर. कोथिंबीर वीस. कोथिंबीर चाळीस. पावसाळा, कोथिंबीर साठ. एकाच दिवशी सकाळी कोथिंबीर, दुपारी कोथिंबीर. मी बेरीज केली. एका महिन्यात तीन हजार वीस रुपयांची कोथिंबीर. पाच माणसांचं घर! त्यात वेदांत कोथिंबीर वेचून ताटाबाहेर काढतो.

मी मान वर केली. मागचं दार उघडं होतं. दारापलीकडे पत्र्याच्या आडोशाला एक वाफा होता आणि त्यात गुडघ्याला लागेल अशी हिरवीगार कोथिंबीर उभी होती.

‘काकू, कोथिंबीर तर तुमच्या दारात आहे.’

‘मंग?’ काकूंनी सुतळीची गाठ मारली. ‘घरातली वापरली म्हंजे विकतची वाचली. वाचली ती कुणाची?’

काकूंनी माझ्या हातातली वही घेतली, दार लोटलं आणि मग सगळं सांगितलं. आवाज मात्र चढला नाही.

काकूंचं माहेर ताम्हिणीचं. भाऊ भैरू, त्याचा घाटातल्या रस्त्याला लहानसा ढाबा. पावसाळ्यात पर्यटक येतात तेव्हा भजी पुरत नाहीत आणि उरलेले आठ महिने गिऱ्हाइकाची वाट बघायची. त्याची मुलगी आरोही पुण्यात नर्सिंगला. वर्षाची छत्तीस हजार फी, दोन हप्त्यांत. ती काकू भरत होत्या. महिन्याला तीन हजार, कोथिंबिरीतून. आताच्या हप्त्याचे पंधरा हजार डाळीच्या डब्यात तळाशी जमले होते. जुलैचे तीन हजार आले की अठरा पुरे होणार होते, आणि ऑगस्टच्या पंधरा तारखेच्या आत ते भरायचे होते.

‘आनी जुलैतच तू बजेट बुडवलंस,’ काकू म्हणाल्या. ‘माझं न्हवं, आरोहीचं.’

‘पण काकू, काकांना सांगा की. तीन हजारच तर आहेत. ते तीस देतील.’

‘देत्याल की. तेच तर.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खोडरबर हरवून आलेय. ‘सहा वर्सांमागं भैरूच्या ढाब्याचे पत्रे उडाले. ह्यांनी नवे घालून दिले. लई मायेनं दिले. मंग जो भजी खायला बसंल त्याला सांगायचे, हे पत्रे मीच घातले. भैरू कढईपुढं उभा. ऐकायचा. तवापासनं त्यानं ह्यांच्याकडनं चहाचा पैसा बी घेतला न्हाई. माझं घेतो, कारण ते माझं हाय.’

मला माझा डेंग्यू आठवला आणि पुढचं काही विचारावं लागलं नाही.

मी लगेच पर्स उघडली. ‘तीन हजार मी देते.’

‘आनी फेडू कशातनं? कोथिंबीर तर बंद केलीस.’

‘मग किराणावाल्याला फोनवरून तीन हजार पाठवा आणि त्याच्याकडून रोख घ्या.’

काकूंना खरंच राग आला. ‘ती चोरी झाली. माझ्या हातात ठरवून दिलेले पैसे, त्यात घर चालवून मी मागं टाकलेलं, ते येगळं. लिवायचं खोटं, पण घ्यायचं खरं. आनी तो वाणी काय मुका हाय?’

ही नीती मला आमच्या कंपनीत चालवता येणार नाही, पण त्या स्वयंपाकघरात ती अगदी बिनतोड वाटली. खरं सांगायचं तर मला स्वतःचाच संताप आला. ‘लागेल तेवढं घे’ म्हणजे मोकळीक, असं मी धरून चालले होते. महिन्याला लाखभर येणाऱ्या घरातली बाई तीन हजारांसाठी अडली होती, आणि तिला अडवणारी मी. तिच्या हातात ठरलेली रक्कम होती तोवर ती मालकीण होती. आता सारं खातं तिचं होतं आणि त्यातला एक रुपया तिचा नव्हता.

काकूंनी हातातली सुतळी गुंडाळून ठेवली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘दुकानात एकाच येळी न घेता, येक येक वस्तू घेऊन येगळे पैसे धाडले, तर ह्यांला मेसेज येगळे येत्यात का?’

‘हो. प्रत्येकाचा वेगळा.’

‘बरं,’ काकू म्हणाल्या आणि रद्दीचे गठ्ठे पुन्हा फडताळात ठेवले. त्या संध्याकाळी माझ्याकडे वाटी आली. शेवग्याची आमटी होती.

दुसऱ्या दिवसापासून विठ्ठलरावांचा फोन उसंत घेईना. काकू वाण्याच्या दुकानात उभ्या राहून आधी मोहरीचे पैसे पाठवायच्या, मग जिऱ्याचे, मग काडेपेटीचा एक रुपया. भाजीवालीकडे मिरच्या वेगळ्या, लिंबू वेगळं, दुसरं लिंबू पुन्हा वेगळं. दुपारी दीड ते तीन ही विठ्ठलरावांची झोपेची वेळ, ती काकूंनी खास राखून ठेवली. दर पाच मिनिटांनी फोन टिंग करायचा. वर त्या स्वतः फोन करून चौकशी करायच्या, ‘अवो, एक रुपया गेला. पोचला का मेसेज?’

सुरुवातीला विठ्ठलराव बाकावर बसून सगळे वाचायचे. ‘आलं, पाच रुपये. आलं, दोन रुपये.’ मग बाकावरचे लोकच हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, ‘इठ्ठलराव, बँकेनं तुमालाच कारकून ठेवलं काय?’ तरी ते हटले नाहीत. बंधन न्हाई, बंधन न्हाई, म्हणत राहिले. माणूस जिद्दीचा, आणि सगळ्या गावासमोर बोलून बसलेला. जुलै संपला. एक तारीख आली, ठरलेले पैसे काही हातात पडले नाहीत. डाळीच्या डब्यात पंधरा हजार तसेच होते. मला रात्री झोप लागेना. काकू मात्र निवांत दिसायच्या.

श्रावणातला दुसरा सोमवार. विठ्ठलराव माळकरी, भजनी मंडळात टाळ धरणारे. त्या दिवशी बाकावर मंडळाचे प्रमुख अण्णासाहेब बसलेले. हे अण्णासाहेब श्रावणात कांदा चिरलेल्या घरातलं पाणीही पीत नाहीत. त्यांच्यासमोर सप्त्याच्या वर्गणीचं बोलणं चाललं होतं, आणि फोन वाजला. विठ्ठलरावांनी सवयीने तो हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, ‘आलं! चाळीस रुपये. भिकू चिकन सेंटर.’

पुढचं मी ऐकलेलं सांगते. अण्णासाहेबांनी आधी विठ्ठलरावांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि चपला घालून निघून गेले. विठ्ठलराव त्यांच्यामागे दहा पावलं धावले, मग घराकडे धावले.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. खाली आवाज चढला, तशी मी कानातले हेडफोन काढून जिन्यात जाऊन बसले. पगार थांबले असते तरी हरकत नव्हती.

‘अनसूये! भिकूकडं? श्रावणात? सोमवारी?’

‘मांजरीनं पिल्लं घातल्यात,’ काकूंचा आवाज. ‘तिला घातलं. भिकूनंच टाकलं, मी हात बी लावला न्हाई. मांजर काय सोमवार धरती व्हय?’

‘अगं पण फोनवरनं कशाला?’

‘मंग कशावरनं देऊ? रोख हाय का माझ्याकडं? तुमीच म्हणाला, इचारू नको, घे. मी इचारलं न्हाई, घेतलं. वाचायला तुमाला कुणी सांगितलं हुतं?’

मग कपाटाचं दार वाजलं. मी दोन पायऱ्या खाली सरकले. विठ्ठलराव हातात वही घेऊन उभे होते, चेहरा उतरलेला.

‘ही धर. तुझं तू बघ. मला ते मेसेज नकोत.’

काकूंनी हात पुढे केला नाही. ‘हिशोब काय गरिबानं ठेवायचा. वरच्या मॅडमनी सांगितलंय.’

‘त्या मॅडमला काय कळतंय!’ विठ्ठलराव म्हणाले. जिन्यात मी मान हलवून दुजोरा दिला.

मग काकूंनी आपल्या अटी सांगितल्या. पहिल्या तारखेला अठ्ठावीस हजार रोख हातात, कारण महागाई. वाचन बंद, वही काकूंची, ती कुणी मागायची नाही. घर त्या चालवतील, कमी पडलं तर त्यांचं त्या बघतील.

‘आनी उरलं तर ते माझं,’ त्या म्हणाल्या. ‘कुटं गेलं, कुणाला गेलं, इचारायचं न्हाई.’

विठ्ठलराव हसले. ‘इतक्या वर्सांत रुपया उरला न्हाई कदी, आता काय उरतंय!’

मला जिन्यात जोराचा खोकला आला. त्यांनी वर पाहिलं. तिथेच, चार तारीख असूनही, अठ्ठावीस हजार मोजून दिले. काकूंनी दोनदा मोजले.

राखीपौर्णिमा त्याच आठवड्यात, शनिवारी आली. काकू दरवर्षी एसटीने माहेरी जात. यंदा विठ्ठलराव म्हणाले, गाडीनं सोडतो, घाटात पाऊस लई हाय. पियूष आणि किमया वेदांतला घेऊन साताऱ्याला गेले होते. काकूंनी मला बरोबर घेतलं. कशाला ते सांगितलं नाही, पण मला वाटतं, अपराध्याला जागेवर नेऊन दाखवायची त्यांची पद्धत असावी.

ताम्हिणीला पावसाने रस्ता दिसत नव्हता आणि भैरूमामांच्या ढाब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्या-पिंपरीची ओलीचिंब गर्दी. विठ्ठलरावांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली. काकू आत गेल्या, मी त्यांच्यामागे. कढईमागच्या अरुंद जागेत त्यांनी भावाला ओवाळलं. भैरूमामांनी ताटात शंभराची नोट टाकली. काकूंनी ती कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून आरोहीच्या हातात दिलं.

‘अठरा. मोजून घे.’

आरोही एकोणीस वर्षांची, उंच, बोलायला धीट. तिने आत्याला मिठी मारली, आणि मग कुणाला काही कळायच्या आत बाहेर जाऊन विठ्ठलरावांच्या पायाला हात लावला. ‘काका, आत्यानं माझी फी भरली. सगळी. पहिल्यापासनं तीच भरती.’

काकू जागच्या जागी थिजल्या. भैरूमामा हातात झारा घेऊन कढईपुढे आले. चेहरा दगडासारखा. आसपासच्या टेबलांवरचे लोक मुलीचा आनंद बघून वळून पाहायला लागले होते. कुणीतरी विठ्ठलरावांना म्हणालंही, ‘वा काका, फारच छान!’

मी विठ्ठलरावांकडे पाहत होते. एवढे श्रोते त्यांना त्या बाकावर आयुष्यात मिळाले नव्हते. त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी आरोहीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग झारा धरून उभ्या असलेल्या मेव्हण्याकडे. उघडलेलं तोंड तसंच थोडा वेळ राहिलं.

‘मला त्यातलं काय बी म्हाईत न्हाई बाई,’ ते म्हणाले. ‘ते तुझ्या आत्याचं हाय. तिला इचार.’

भैरूमामा परत कढईकडे वळले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतः एक ताट भजी आणून विठ्ठलरावांसमोर ठेवली. ‘खावा दाजी, गरम हायेत.’ दाजींनी खाली मान घालून सगळी खाल्ली.

परतीच्या वाटेवर विठ्ठलराव स्टिअरिंगमागे चुळबुळत होते. मला मागच्या सीटवरून दिसत होतं, त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं.

‘अनसूये, पोरगी हुशार हाय.’

‘हाय.’

‘म्हैन्याला अजून चारपाच हजार वाढवू का?’

‘मी मागितले का?’

‘न्हाई.’

अर्धा किलोमीटर गेला. ‘बरं, कुणाला सांगत न्हाई. पण एकाला तरी सांगू दे. ह्या मॅडमला.’

‘तिला आधीच म्हाईत हाय.’

‘म्हंजे घरात मलाच म्हाईत न्हवतं?’

‘तुमाला म्हाईत असतं,’ काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, ‘तर भैरूनं घेतलं असतं का?’

पौडला विठ्ठलरावांनी एका टपरीशी गाडी थांबवली, हात खिशाकडे नेला, मध्येच थांबवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की चहा कुणाच्या पैशानं प्यायचा.

‘माझ्या,’ काकू म्हणाल्या आणि खाली उतरल्या.